कटिशूल, स्कूटरची बैठक आणि निदानपरिवर्जन

कटिशूलाचा रुग्ण आपल्यासमोर येतो तेव्हा आपण त्याची नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठाची विचारपूस करतो, पाय सरळ उचलून वेदना कोठपर्यंत उतरते हे तपासतो आणि सोबत आणलेले क्ष-किरण चित्र वा एमआरआयचा अहवाल उजेडात धरून न्याहाळतो. परंतु तो रुग्ण ज्या वाहनावरून आला ते वाहन आपल्या दाराबाहेर उभे असते, त्याच्याकडे आपली दृष्टी जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेच वाहन, आणि नेमके सांगायचे तर त्या वाहनाची बैठक हा आहे. विषय वरकरणी मिस्त्रीचा वाटेल. तो वैद्याचा का आहे, हे आम्ही येथे मांडू इच्छितो.

प्रथम आमची चूक सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका आमच्याकडे कटिशूलासाठी येत असत. वय अडतीस, वास्तव्य धाराशिव शहरात आणि शाळा बालाघाटाच्या कुशीतील एका गावी, सत्तावीस किलोमीटरवर. रोजचे जाणे-येणे स्कूटरवरून. तीन वर्षांत आम्ही त्यांना तीन वेळा कटिबस्तीचा क्रम दिला, दोन वेळा योगबस्ती दिली, गुग्गुळकल्प व काढे दिले. प्रत्येक वेळी उपशम मिळे आणि तीन-चार आठवड्यांत दुखणे पुन्हा मूळ पदावर येई. आम्ही आहार तपासला, निद्रा तपासली, मलप्रवृत्ती विचारली, मानसिक ताणाचाही विचार केला. चौथ्या वेळी त्या निघाल्या तेव्हा त्यांची पिशवी आमच्या टेबलावर राहिली. ती द्यावयास आम्ही स्वतः फाटकापर्यंत गेलो आणि स्कूटरवर बसलेल्या बाई प्रथमच पाहिल्या.

बैठकीचा फोम पुढच्या अर्ध्या भागात पार दबून गेला होता व बैठक पुढे उतरती झाली होती. त्यामुळे बाई घसरत पुढे येऊन टोकावर बसत. पाय ठेवण्याच्या जागेत वह्यांचा गठ्ठा आणि डबा. त्यामुळे गुडघे फाकलेले व पाय कडेला टेकलेले. पाठीची कमान नाहीशी होऊन तिचा कुबडासारखा बाक झालेला. आम्ही अंगठ्याने बैठक दाबून पाहिली, तो खालचा पत्रा बोटाला लागला. ज्या हेतूचा शोध आम्ही तीन वर्षे आहारविहाराच्या प्रश्नावलीत घेत होतो, तो आमच्या ओट्यापासून पंधरा पावलांवर उभा होता. आणखी लाजिरवाणी गोष्ट अशी की, बस्ती घेतल्याच्या दिवशीही त्या याच बैठकीवरून शाळेत जात होत्या व आम्ही त्यांना कधी अडविले नव्हते.

शास्त्राने हा हेतू सांगितला आहे

हा हेतू नवा आहे, असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात वातप्रकोपाची कारणे दिली आहेत. रूक्ष व अल्प अन्न, जागरण, वेगधारण, अभिघात ही आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु त्याच यादीत दुःखकर शय्या आणि दुःखकर आसन यांचा स्पष्ट निर्देश आहे, आणि हत्ती, उंट, घोडा व शीघ्रगामी यान यांवरून पडण्याचाही आहे. आसन हा वाताचा हेतू आहे, हे आचार्यांनी इतक्या उघडपणे सांगूनही आपल्या केसपेपरावर आसनासाठी एक ओळही नसते.

याहून महत्त्वाचे स्थळ सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात आहे. पंचकर्मानंतर रुग्ण पूर्ववत होईपर्यंत त्याने ज्या आठ गोष्टी कटाक्षाने टाळावयाच्या, त्यांत उच्च स्वरात बोलणे, अतिचंक्रमण, अजीर्ण, अहित भोजन, दिवास्वाप व व्यवाय यांच्यासोबत रथक्षोभ आणि अत्यासन ही दोन नावे आहेत. रथक्षोभ म्हणजे वाहनाचे हादरे. अत्यासन म्हणजे एकाच स्थितीत फार काळ बसून राहणे. स्फिक्, कटी आणि पृष्ठ येथील वेदना या दोहोंच्या परिणामांत सांगितल्या आहेत. आता आपण करतो काय ते पाहू. कटिशूलाच्या रुग्णाला आपण बस्ती देतो, आणि तासाभराने तो आपल्या अंगणातून स्कूटर सुरू करून रथक्षोभ व अत्यासन हे दोन्ही एकदमच भोगीत घरी जातो. वर्ज्य म्हणून सांगितलेल्या आठांपैकी दोन गोष्टी उपचाराच्या दिवशीच घडतात आणि उपशम टिकला नाही की आपण तेल बदलतो.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या आरंभी चिकित्सेचे सार सांगताना निदानपरिवर्जनास प्रथम स्थान दिले. आपण परीक्षेत ते लिहिले, व्याख्यानांत ऐकले. व्यवहारात मात्र निदानपरिवर्जन म्हणजे 'वांगे, बटाटा, शिळे बंद' इतकाच त्याचा अर्थ उरला आहे.

आपल्या जिल्ह्यातील रथक्षोभ व अत्यासन

धाराशिव जिल्ह्यात दुचाकी ही चैन नव्हे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दूध गोळा करणारे, भूम-वाशी भागातील खव्याचे व्यापारी, तुळजापूरला नित्य ये-जा करणारे भाविक व पुजारी, या सर्वांचे कंबरडे दुचाकीच्या आसनावर रोज दोन-दोन, तीन-तीन तास असते. त्यांत दोन प्रकारचे प्रवासी स्पष्ट वेगळे करता येतात, आणि हा भेद चिकित्सेच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

पहिला प्रवासी आडरस्त्याचा. गावाकडची वाट, उखडलेली खडी, पुलाजवळचा खचलेला भराव आणि जागोजागीचे गतिरोधक. याचा मुख्य हेतू रथक्षोभ. दुसरा प्रवासी महामार्गाचा. सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाल्यापासून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा हा टापू एका दमात पार करता येतो. तेथे हादरे थोडे. परंतु माणूस एकाच कोनात, एकाच पकडीत, न उतरता तासभर बसून राहतो. याचा मुख्य हेतू अत्यासन. रस्ता सुधारला म्हणजे कटिशूल गेला, हा समज म्हणूनच खरा नाही. हेतू बदलतो, स्थान तेच राहते. पहिल्याच्या बाबतीत टायर, शॉकअप व फोम यांकडे प्रथम पाहावे. दुसऱ्याच्या बाबतीत बैठकीचा आकार, उतार आणि मध्ये थांबण्याची सवय यांकडे.

मोटारसायकल आणि स्कूटर यांतही भेद आहे. मोटारसायकलस्वाराचे पाय पायदानावर शरीराच्या जवळपास खाली असतात. खड्डा दिसताच तो पायांवर भार घेऊन किंचित उठू शकतो व हादरा गुडघ्यांत जिरतो. स्कूटरवर पाय पुढे, सपाट पाट्यावर असतात. उठता येत नाही, म्हणून शरीराचा बहुतेक भार व हादरा थेट बसण्याच्या हाडांतून पृष्ठवंशात जातो. शिवाय स्कूटरची चाके लहान, बहुधा दहा किंवा बारा इंची; लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. पाय पुढे व गुडघे वाकलेले असल्याने श्रोणी मागे कलते आणि कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात कटीच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजून दाखविला. पुढे वाकून बसल्यास तो वाढतो, ही गोष्ट त्यांच्या व नंतरच्या मापनांतही दिसली. मानवी शरीराला होणाऱ्या कंपनांविषयीचे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम १९७४ साली प्रसिद्ध झाले. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची जी कंपने सर्वांत बाधतात ती सेकंदाला सुमारे ४ ते ८ या पट्ट्यातील, असे त्यात धरले होते. आचार्यांच्या रथक्षोभाला आधुनिकांनी दिलेले हे एक माप आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

चेतकच्या काळात काय होते

आमच्या पिढीने स्कूटर म्हणून प्रथम पाहिली ती बजाज चेतक किंवा प्रिया. चेतक १९७२ पासून पुण्याच्या आकुर्डीत तयार होऊ लागली. प्रिया ही साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. त्या जुन्या स्कूटरांपैकी अनेकांना पुढे-मागे दोन स्वतंत्र बैठका असत व पुढच्या बैठकीखाली पोलादी स्प्रिंगा असत. पुढे दोघांची मिळून एकच लांब बैठक रूढ झाली. तिच्यावर मागे मूल, पुढे मूल, मध्ये पिशवी अशी व्यवस्था होऊ लागली आणि चालविणारा पुढे सरकत सरकत बैठकीच्या अरुंद टोकावर आला. आजही नवरा, बायको व दोन मुले असे कुटुंब स्कूटरवर पाहिले म्हणजे चालविणाऱ्याच्या वाट्याला बैठकीचा किती भाग येतो ते आपण मोजावे. दोघांहून अधिकांनी बसणे कायद्याने व सुरक्षिततेने निषिद्ध आहेच. कटीच्या दृष्टीनेही ते निषिद्ध मानावे.

त्या जुन्या स्कूटरी सुखाच्या होत्या, असे मात्र नव्हे. वाकून, एका बाजूला कलवून, किक मारताना कंबरेत चमक भरलेले रुग्ण आमच्या वडीलधाऱ्या वैद्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. बजाज कंपनीने २००९ साली स्कूटर-निर्मिती थांबविली आणि २०२० च्या आरंभी चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. किक गेली, बटण आले. परंतु बैठक तशीच फोमची आणि रेक्झिनची आहे, आणि फोम काही वर्षांत दबतो हा त्याचा धर्म बदललेला नाही.

मऊ म्हणजे सुखकर नव्हे

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे, कारण औषधी दुकानांतूनही तो पसरतो. कंबर दुखते म्हणून रुग्ण बैठकीवर मऊ उशी, दुमडलेले पोते किंवा बाजारातील जेलची गादी टाकतो. पहिले दोन दिवस बरे वाटते. नंतर ती उशी भाराखाली चेपते व हाडे पुन्हा कठीण पायावर टेकतात. वर उशी सरकत राहिल्याने तोल सांभाळण्यासाठी कटीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. अतिजाड व अतिमऊ फोम वर सांगितलेल्या पट्ट्यातील कंपने कमी करण्याऐवजी वाढवूही शकतो. 'मेमरी फोम' नावाचा पदार्थ १९६६ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी विमानाच्या आसनांकरिता विकसित झाला. उष्णतेने मऊ होणे हा त्याचा गुण. आपल्याकडे वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरवर तो किती मऊ होईल, हे सांगावयास नको. केवळ त्याच्याच भरवशावर बैठक करू नये. वरचा पातळ थर म्हणून तो चालू शकेल.

मग बैठक कशी असावी? बसस्थानकाजवळ किंवा जुन्या बाजारात सीटकव्हर शिवणारे कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. आम्ही अशा एका कारागिराजवळ बसून, दोन बैठका उकलून पाहून, पुढील मुद्दे निश्चित केले.

एक, प्रथम बैठकीला हात न लावता टायरमधील हवा तपासावी. कंपनीच्या पुस्तिकेत पुढच्या व मागच्या चाकासाठी दिलेला आकडा पाळावा. 'कडक हवा म्हणजे ॲव्हरेज चांगले' या समजुतीने भरलेली जादा हवा प्रत्येक खडा कंबरेपर्यंत पोहोचविते. दोन, मागील शॉकअपमधून तेल गळते का, तो दाबल्यावर उसळतो की बसूनच राहतो, हे पाहावे. शॉकअप गेलेला असेल तर कोणतीही गादी उपयोगाची नाही. तीन, बैठकीवर गुडघ्याने भार द्यावा. खालचा पत्रा वा प्लॅस्टिकचा पाया जाणवला तर फोम संपला असे समजावे.

चार, नवा फोम दोन थरांचा करावा. खालचा जाड थर घट्ट, म्हणजे अधिक घनतेचा. वरचा पातळ थर मऊ. पाच, पृष्ठभाग समतल असावा. पुढे उतार असेल तर रुग्ण घसरतो व ब्रेकच्या वेळी हातांवर भार घेतो. त्याची कटी व ग्रीवा दोन्ही दुखतात. चालविणाऱ्याच्या जागेच्या मागे दोन बोटे उंचवटा दिल्यास श्रोणीला पाठीमागून अल्प आधार मिळतो. सहा, बसण्याच्या दोन हाडांखाली बैठक रुंद असावी व पुढे निमुळती. पुढची कड गोल असावी, म्हणजे मांडीच्या मागचा भाग दबत नाही. सात, माकडहाड दुखत असेल तर मागे मध्यभागी फोममध्ये उभी खाच ठेवावी. आठ, कव्हर अतिताठ ओढू नये. ताठ कव्हर फोमला काम करू देत नाही. शिवण बसण्याच्या हाडांखाली येऊ देऊ नये. नऊ, उंची फार वाढवू नये. थांबताना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत, अन्यथा कटी वाचविण्याच्या नादात माणूस पडावयाचा. बैठकीचे कुलूप व मूळ पाया बदलू नये.

यांतील एकही गोष्ट महाग नाही. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकांचा सर्व खर्च आमच्या एका महिन्याच्या औषधाहून कमी आला, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. परंतु ते खरे आहे.

बैठकीखेरीज

बैठक सुधारली तरी बसणारा सुधारला पाहिजे. पुरुष रुग्णांना आम्ही आता पहिला प्रश्न पाकिटाचा विचारतो. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासभर स्कूटर चालविणाऱ्याची श्रोणी एका बाजूला कलते आणि नितंबातील स्नायू व त्याखालून जाणारी नाडी दबते. गृध्रसीसारखी एका पायात उतरणारी कळ असेल आणि ती पाकिटाच्याच बाजूची असेल, तर काढ्याआधी पाकीट पुढच्या खिशात जावे. पाय ठेवण्याच्या जागेत सिलिंडर, पोते वा दुधाचे कॅन ठेवू नयेत. दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले असावेत. कोपर सैल, पकड हलकी. गतिरोधकापूर्वी वेग उतरवावा. दर अर्ध्या-पाऊण तासाने खाली उतरून शंभर पावले चालावे. अत्यासनावर याहून सोपा उपाय नाही. मूत्रवेग धरून 'आता घरीच' म्हणत गाडी पळविणाऱ्यास वेगधारणाचे स्मरण द्यावे. ते त्याच यादीतील दुसरे कारण आहे.

मागे बसणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसताना कंबर पिळलेली राहते व पाय बहुधा लोंबकळतात. पायाला टेकू देणारी पट्टी स्कूटरला आहे का, हे पाहावे. शक्य तेथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्याचा सल्ला निःसंकोच द्यावा. गर्भिणीने अति हादरे देणाऱ्या यानाने प्रवास करू नये, हे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहेच.

उपचारकाळात तर नियम कडकच हवा. बस्ती वा कटिबस्तीच्या दिवशी रुग्णाने स्वतः स्कूटर चालवीत येऊ नये. घरचे कोणी चारचाकीने नेणारे असेल तर उत्तम; नसेल तर एसटी बरी, आणि एसटीतही मागच्या चाकाच्या मागची बाके टाळून मधल्या भागात बसावे, कारण सर्वाधिक उसळी मागे असते. शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत, शेतकऱ्यांना कामाचा जोर ओसरल्यावर क्रम द्यावा. रुग्ण आजच हवा, उद्या तो दुसरीकडे जाईल, या भीतीने आपण मुहूर्त पाहत नाही. त्याचे फळ रुग्णाला आणि शेवटी शास्त्राला भोगावे लागते.

आक्षेपांचा विचार

काही ज्येष्ठ म्हणतील, वैद्याने गादीवाल्याचे काम का करावे? आमचे उत्तर असे की, आपण शय्या कशी असावी हे सांगतो, पादत्राण कसे असावे हे सांगतो, ऋतूनुसार वस्त्र सांगतो. आजच्या माणसाचे जे आसन दिवसाचे दोन-तीन तास त्याच्या कटीशी संलग्न आहे, त्यालाच तेवढे का वगळावे? गादी शिवणे हे कारागिराचे काम; ती का व कशी हवी हे सांगणे वैद्याचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खरा दोष रस्त्यांचा. तो झाकून रुग्णाच्या माथी बैठकीचा खर्च का मारावा? रस्ता चांगला मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि संघटनेने तो जरूर बजावावा. परंतु रस्ता होईपर्यंत रुग्णाची कटी थांबणार नाही. जे आज त्याच्या हाती आहे ते त्याला सांगणे, हे आपले कर्तव्य.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. एका रुग्णावरून सिद्धान्त होतो काय? होत नाही. त्या शिक्षिकांनी बैठक बदलली, गठ्ठा मागे बांधला, सुट्टीत बस्ती घेतली आणि त्या काळात वाहन टाळले. यांपैकी कशाने किती गुण आला हे आम्ही वेगळे काढू शकत नाही. दुखणे समूळ गेले असेही नाही. निवडणुकीच्या कामासाठी दूरचा प्रवास घडला तेव्हा ते पुन्हा जाणवले. परंतु गेल्या दीड वर्षात त्यांना कटिबस्तीचा क्रम पुन्हा घ्यावा लागला नाही, आणि पूर्वी तो दरवर्षी लागत होता. हेतू दूर केल्यावर तेच औषध टिकले, एवढे आम्ही म्हणू शकतो.

एक सावधगिरी मात्र ठळकपणे नोंदवितो. प्रत्येक कटिशूल बैठकीचा नसतो. बसण्याच्या जागी व गुह्यभागी बधिरता, मूत्र वा मल यांवरील ताबा सुटणे, पावलाची शक्ती जाणे, ज्वर, अकारण वजन घटणे, अपघातानंतरची तीव्र वेदना, कर्करोगाचा पूर्वेतिहास, यांपैकी काहीही आढळल्यास बैठक, तेल व बस्ती हे सर्व बाजूला ठेवून रुग्णास तत्काळ शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. कुकुंदर मर्माच्या आघाताने अधोकायातील स्पर्शज्ञान व चेष्टा यांची हानी होते, असे सुश्रुतसंहितेत आहे. त्या सूचनेचे गांभीर्य आपण विसरता कामा नये.

वैद्य व औषधी दुकानदार यांना विनंती

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती छोटी आहे. कटिशूलाच्या केसपेपरावर पाच प्रश्न वाढवावेत: वाहन कोणते, रोज किती किलोमीटर, रस्ता आडवाटेचा की महामार्गाचा, ओझे कोठे ठेवता, पाकीट कोठे ठेवता. आणि पहिल्याच भेटीत एकदा रुग्णासोबत बाहेर जाऊन त्याला वाहनावर बसलेला पाहावे. त्यास दोन मिनिटे लागतात. आम्हाला ती दोन मिनिटे काढावयास तीन वर्षे लागली.

औषधी दुकानांच्या मालकांशीही थोडे बोलावयाचे आहे. महानारायण तेलाची बाटली जो दर पंधरा दिवसांनी नेतो, ज्याला त्रयोदशांग गुग्गुळ संपला की चैन पडत नाही, तो ग्राहक आपल्याला परिचित असतो. दुकानाच्या दृष्टीने तो उत्तम ग्राहक. वैद्यकाच्या दृष्टीने तो आपले अपयश आहे. त्याला पुढची बाटली देताना 'गाडी कोणती चालवता? सीट दबली आहे का?' एवढे विचारावे, आणि लांबलेले दुखणे असेल तर वैद्याकडे पाठवावे. काउंटरवर वरील नऊ मुद्द्यांचा मराठी कागद ठेवता येईल. जेलच्या गाद्या व कमरेचे पट्टे विकावयाचे असतील तर ते सोयीचे साधन आहे, उपचार नव्हे, हे सांगून विकावे. पट्टा दिवसभर बांधून ठेवण्यासाठी नाही, हेही सांगावे. एखादी बाटली कमी खपेल. परंतु ज्याची कंबर राहिली तो माणूस आपल्या घरातील दुसरा रुग्णही तुमच्याच दुकानी घेऊन येतो, हा अनुभव जुन्या दुकानदारांना नवा नाही.

आयुर्वेदाने पाठदुखीत गुण येतो, पण टिकत नाही, असे लोक म्हणतात. ते ऐकून आपण दुखावतो. ते वाक्य खोटे पाडावयाचे असेल तर नवे तेल शोधण्यापूर्वी आपल्या दाराबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरची बैठक एकदा अंगठ्याने दाबून पाहू या.